पारा आधी, प्याला मागून

घरी बीअर करू लागलेल्या माणसाची पहिली खेप बहुधा तयार किटातून निघते. डब्यातला माल्टचा दाट पाक, पाकिटातले कोरडे यीस्ट आणि सोबत छापलेली कृती. एवढे नीट पाळले की वीसेक लिटर पिण्याजोगे काहीतरी पदरात पडते. खरी पंचाईत दुसऱ्या खेपेला होते. तेव्हा हात थोडा बसलेला असतो, उत्साह दुप्पट असतो आणि पुढ्यात भलीमोठी यादी असते. बीअर स्पर्धांचे परीक्षक जी नियमावली वापरतात, त्या अमेरिकेतल्या बीजेसीपीच्या 2021 च्या आवृत्तीत शंभराहून अधिक शैलींची वर्णने आहेत: रंग किती गडद, कडूपणा किती, फेस कसा, वास कशाचा. मायकल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (गाणारा तो वेगळा) 1977 साली आपल्या जागतिक बीअर-मार्गदर्शिकेतून ही शैलीवार मांडणी रुळवली, आणि तेव्हापासून नवशिक्याला सल्लाही शैलीच्याच भाषेत मिळत आला आहे. एक म्हणतो, प्यायला आवडते तीच कर. दुसरा म्हणतो, सोपी आधी, अवघड नंतर. तिसरा म्हणतो स्टाउट कर, काळ्या रंगात सगळे खपून जाते. तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. पण तिघांनीही एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे आंबवणाचे भांडे ठेवायला अठरा-वीस अंशांची खोली. इंग्लंडात किंवा ओरेगॉनमध्ये ती वर्षातले बरेच महिने फुकट मिळते; कोल्हापुरात ती मिळणे मुश्कील. माझे म्हणणे एवढेच की नवशिक्याने पुढची शैली जिभेला न विचारता थर्मामीटरला विचारून ठरवावी. खोलीचा पारा सांगेल ते यीस्ट घ्यावे, यीस्टला शोभेल तो माल्ट, आणि शैलीचे नाव सगळ्यात शेवटी.

कोल्हापूरचे नाव घेतले की कायद्याची गोष्ट आधी उरकावी लागते. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवाना काढून विकतची बीअर पिता येते. घरी करता येत नाही. कलम 65 खाली विनापरवाना मादक पेय तयार करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी साहित्य किंवा भांडी बाळगणे हाही. वर्तमानपत्रात हे कलम हातभट्टीच्या छाप्यांच्या बातमीत दिसते, पण बादलीत माल्ट आंबवणाऱ्या हौशी माणसाला त्यात वेगळी सवलत नाही. ब्रिटनने 1963 मध्ये घरगुती बीअरची परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बीअर करमुक्त झाली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर, अशी मुभा मिळाली. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी आपले दार 2013 पर्यंत बंदच ठेवले होते. तेव्हा जिल्ह्यातल्या वाचकाने हा लेख विचार म्हणून वाचावा, कृती म्हणून नव्हे. मग गणित कोल्हापूरचेच का मांडायचे? एक तर पुस्तकांतले ते गुपचूप गृहीतक थंड गावात दिसतच नाही, उबदार गावात लगेच उघडे पडते. शिवाय ह्यूस्टन किंवा ब्रिस्बेनमध्ये स्थायिक झालेल्या कोल्हापूरकराला कायदा मोकळा आहे, पण उन्हाळ्यात हवा इथल्यासारखीच उबदार मिळाली आहे. आणि परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरी राज्यात आहेतच. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाल्यापासून गव्हाची बीअर हा शब्द मराठी शहरांत नवा राहिलेला नाही.

शैली हवामानातून जन्मतात याचा सगळ्यात ठणठणीत पुरावा बव्हेरियाचा आहे. तिथल्या 1516 च्या शुद्धतेच्या फर्मानाचे कौतुक सगळीकडे होते: पाणी, सातू आणि हॉप्स, दुसरे काही घालायचे नाही. पण बीअरच्या चवीवर अधिक परिणाम केला तो 1553 च्या दुसऱ्या हुकमाने. त्याने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बीअर गाळायलाच बंदी घातली. उन्हाळ्यात केलेली बीअर नासते एवढे राज्यकर्त्यांना कळले होते. का नासते हे कळायला पाश्चरच्या 1876 च्या ग्रंथापर्यंत थांबावे लागले. या बंदीमुळे सगळी बीअर हिवाळ्यात, गारठ्यात आंबू लागली आणि थंडीत तळाशी बसून संथ काम करणारे यीस्ट आपोआप निवडले गेले. लागर नावाचा सगळा गोतावळा असा कॅलेंडरातून निघाला. मार्चमध्ये शेवटची खेप जरा कडक करून तळघरात साठवायची, ती मेर्झन. 1842 मध्ये प्लझेन्यात योसेफ ग्रोलने सोनेरी पिल्सनर केली तीही खडकात खोदलेल्या गार तळघरांच्या जिवावर. पुढे 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचे शीतयंत्र म्युनिकच्या स्पाटेन ब्रुअरीत बसले आणि मग कुठे लागर वर्षभर आणि जगभर होऊ लागली. आज मुंबई-कोल्हापूरच्या दुकानात जी पिवळी बाटली मिळते ती त्या यंत्राची लेक आहे. घरात ते यंत्र नसताना नवशिक्या नेमकी तीच बाटली पुन्हा घडवायला जातो, कारण त्याने आजवर तीच प्यायलेली असते. ‘आवडते ती कर’ हा सल्ला आपल्याकडे इथे आपटतो.

यीस्टला ऊब का बाधते हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. माल्टच्या गोड काढ्यात यीस्ट पडले की ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, हे शाळेत शिकवतात. शाळेत सांगत नाहीत ते हे की या कामात उष्णता निघते. वीस लिटरच्या भांड्यात ऐन फसफसण्याच्या दिवसांत आतले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज वर जाते. खोली 26 ची असेल तर यीस्ट 30 मध्ये राबत असते. लागर नसलेल्या नेहमीच्या बीअरचे, म्हणजे एलचे, यीस्ट 18 ते 20 अंशांना शिस्तीत वागते. 30 ला ते भराभर वाढते, आणि त्या घाईत जड अल्कोहोले व एस्टर बाहेर टाकते. मग बीअरला नखपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो आणि घशाला चटका बसतो. नवशिक्या समजतो, स्वच्छता कमी पडली. पुढच्या वेळी दुप्पट घासतो आणि तोच वास पुन्हा येतो. पहिले तीन दिवस यात निर्णायक असतात. चव जी बिघडायची ती बहुतेक त्याच काळात बिघडते, नंतर भांडे गार जागी हलवून फारसे साधत नाही. म्हणून भांड्याला बाहेरून चिकटवायची साधी तापमानपट्टी ही हॉप्सच्या महागड्या पाकिटापेक्षा उपयोगी वस्तू आहे.

आता कोल्हापूरचे वर्ष पाहू. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याला. विदर्भासारखा पारा इथे 45 ला भिडत नाही, पण थंडीही दमदार नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे 14-15 अंश आणि दुपारी 29-30. जाड भिंतींच्या जुन्या घरात आतली, उत्तरेकडची खोली तेव्हा 20-22 वर रेंगाळते. एवढाच काय तो काळ नेहमीच्या इंग्लिश यीस्टला मानवतो: ब्राउन एल, पोर्टर, साधी ब्लाँड. भांडे पाण्याच्या टबात ठेवले तर दिवसरात्रीचा चढउतारही बोथट होतो. मार्च ते मे बाहेर 37-38, बंद खोलीत तिशी. तेव्हा नेहमीच्या यीस्टचे नावही काढू नये. माठ ज्या न्यायाने गार राहतो त्याच न्यायाने भांड्याभोवती ओले गोणपाट गुंडाळून पंखा लावला तर चार-पाच अंश उतरतात, कारण एप्रिलच्या दुपारची हवा कोरडी असते. हाच उपाय जुलैत फुकट जातो. पाऊस धरलेला असतो, हवेत ओल गच्च असते, गोणपाट वाळतच नाही. पण जुलैला त्याची तितकी गरजही नसते. जून ते सप्टेंबर बाहेरचा पारा 21 ते 27 च्या मध्ये फिरतो आणि खोली 24-25 वर स्थिर राहते. या स्थिरपणाची किंमत नवशिक्यांना कळत नाही. यीस्टला 24 चा सलग आठवडा परवडतो. सकाळी 19 आणि दुपारी 28 हा झोका परवडत नाही. म्हणून इथल्या गणितात पावसाळा हा बीअरचा दुसरा हंगाम ठरतो, जी गोष्ट कुठल्याही युरोपीय पुस्तकात सापडणार नाही. त्या हंगामाला शोभणारी शैली बव्हेरियाची गव्हाची बीअर. तिच्या यीस्टची केळे आणि लवंग ही ओळखच आहे, आणि ऊब वाढली की केळे पुढे सरकते. 22-24 पर्यंत तो दोष धरला जात नाही, गुण धरला जातो. त्यापुढे मात्र तिचेही बबलगम होते, एवढे लक्षात ठेवावे.

उन्हाळ्यासाठी दोन नावे उरतात आणि दोन्हींची कीर्ती थोडी फुगवलेली आहे. एक बेल्जियमची सेझाँ. तिची काही यीस्टे तिशीतही आनंदाने काम करतात. मिरीसारखा तिखटसर, कोरडा स्वाद येतो आणि तो उकाड्यात खरोखर बरा लागतो. पण तिच्या एका प्रसिद्ध वाणाला मध्येच रुसून बसायची खोड आहे: निम्मी साखर संपली की काम थांबते, आठवडाभर हालचाल नाही, मग पुन्हा सुरू. अधीर माणूस त्या रुसव्यात बाटल्या भरतो आणि बाटल्या फुटतात. काच फुटणे हा घरगुती बीअरमधला खरा शारीरिक धोका आहे. तीन दिवस लागोपाठ हायड्रोमीटरचा, म्हणजे उरलेली साखर मोजणाऱ्या नळीचा, आकडा जागचा हलला नाही तरच बाटली भरावी, हा नियम सेझाँला तर दगडावरची रेघ समजावा. दुसरे नाव क्वाइक, नॉर्वेच्या शेतकऱ्यांचे यीस्ट. वॉस भागातला त्याचा वाण 35-40 अंशांना चार-पाच दिवसांत काम उरकतो आणि तरी वास स्वच्छ राखतो. आपल्याकडे विरजण जसे शेजारणीकडून आणून पिढ्यान्‌पिढ्या चालवतात, तसे तिथे हे यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून घराघरांत जपले गेले. यावर कोणी म्हणेल, असे यीस्ट मिळत असेल तर पाऱ्याचा सगळा बाऊ संपला, आवडेल ती शैली करा. पण हा आक्षेप माझ्याच म्हणण्याला बळ देतो. क्वाइक घेणारा माणूस खोली पाहूनच यीस्ट निवडत असतो. शिवाय त्याच्यातून संत्र्याचा जो मागमूस येतो तो पेल एलला शोभतो, पिल्सनरला नाही. म्हणजे यीस्ट ठरले की शैलीचे क्षेत्रही आखले गेले.

दुसरा आक्षेप जास्त ताकदीचा आहे. हॉप्स भरपूर घातलेली आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, दोष झाकते, मग नवशिक्याने तीच का करू नये? आयपीएच्या नावात भारत आहे म्हणून आपल्याकडे तिच्याबद्दल एक आपलेपणाही असतो. लंडनच्या हॉजसनची आणि पुढे बर्टनच्या ऑलसॉप व बासची पेल एल एकोणिसाव्या शतकात मुंबई-कोलकात्याला येत होती हे खरे. गोऱ्या शिपायांसाठी त्याच जहाजांतून काळी पोर्टरही भरपूर येत होती, तिचे नाव मात्र तितके गाजले नाही. ती जुनी पेल एल महिनोन्‌महिने पिंपात मुरत यायची. आजची आयपीए याच्या नेमकी उलट आहे. तिचा आंब्यासारखा, मोसंबीसारखा वास ताज्या हॉप्सचा असतो आणि तो प्राणवायू व ऊब या दोघांपुढे काही आठवड्यांत मान टाकतो. लाहौलमध्ये थोडे हॉप्स पिकतात, बाकी बहुतेक बाहेरून येतात; ते शीतपेटीत ठेवावे लागतात, महाग पडतात. एवढा खर्च करून दोष झाकले तर दोष कुठला होता हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि नवशिक्याला दुसऱ्या खेपेत शिकायचे असते ते नेमके तेच. स्टाउटच्या बाजूने मी थोडे जास्त बोलेन. भाजलेल्या सातूचा कडवट, कॉफीसारखा स्वाद थोडे एस्टर पचवतो, आणि पाण्याच्या बाबतीतही ती काही गावांना सोयीची आहे. पण तिशीतले जड अल्कोहोल तीही पचवत नाही. काळा रंग डोळ्यांना फसवतो, घशाला नाही.

फ्रिजचे काय? जुना फ्रिज घ्यावा, त्याला तापमान-नियंत्रक जोडावा आणि प्रश्न मिटवावा, असे व्यवहारी माणूस म्हणेल. म्हणणे रास्त आहे. फ्रिज आला की खोलीचा पारा बाद होतो आणि भांड्याचा पारा आपल्या हातात येतो. तत्त्व तेच राहते, फक्त आकडा आपण ठरवतो. मात्र फ्रिज आल्याबरोबर पिल्सनरवर झडप घालू नये. ती 9-12 अंशांना आंबते, एलच्या जवळपास दुप्पट यीस्ट मागते, पुढे कित्येक आठवडे शून्याच्या आसपास पडून राहते. आणि एवढे करून तिच्यात लपायला जागा नसते. डायअसिटिल या द्रव्याचा लोण्यासारखा वास असो की उकडलेल्या मक्याचा, सगळे पहिल्या घोटात उघडे पडते. फ्रिजमधली पहिली खेप 18 अंशांची साधी ब्लाँड असावी. नियंत्रणाने काय बदलते ते तिच्यात स्वच्छ दिसते.

सगळ्यात मार्मिक आक्षेप मात्र असा की पुढची शैली हा प्रश्नच चुकीचा आहे. तीच बीअर पुन्हा करावी, दहादा करावी, मग हात बसतो. कुस्तीच्या गावात हे पटायला वेळ लागू नये. पण हौस आणि तालीम यांत फरक आहे, आणि हौशी माणूस तिसऱ्यांदा तीच पेल एल करताना कंटाळून सगळेच सोडून देतो. यातून मार्ग आहे, आणि तो मला या साऱ्या प्रश्नातला सगळ्यात फलदायी भाग वाटतो. काढा एकच करावा: फिकट सातू-माल्ट, त्यात तीस-चाळीस टक्के गहू-माल्ट, थोडे कमी कडू हॉप्स. वीस लिटर काढा गार झाला की दहा-दहा लिटरच्या दोन भांड्यांत ओतावा. एकात साधे एल यीस्ट, दुसऱ्यात गव्हाच्या बीअरचे. माल्ट तोच, हॉप्स तेच, पाणी, खोली, दिवस सगळे तेच. तीन आठवड्यांनी एका पेल्यात अमेरिकन धाटणीची गव्हाची बीअर असते आणि दुसऱ्यात बव्हेरियाच्या वळणाची, केळे-लवंगेसह. एका खेपेत दोन शैली झाल्या आणि तालीमही झाली. यीस्टचा वाटा आणि माल्टचा वाटा जीभ वेगळा करू लागते. पुस्तकातली शंभर वर्णने वाचून जे कळत नाही ते या दोन पेल्यांत कळते.

पाण्याबद्दल पुस्तके फार लिहितात. नवशिक्याने तितके मनावर घेऊ नये. बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यात पेल एल खुलली, प्लझेन्यच्या मऊ पाण्यात पिल्सनर, डब्लिनच्या चुनखडीच्या पाण्यात स्टाउट, हा इतिहास खराच. कोल्हापुरातही दोन पाणी आहेत: सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरण-नद्यांचे, तुलनेने मऊ, आणि पूर्वेकडच्या काळ्या रानातल्या बोअरचे, क्षार धरलेले. पहिल्यात फिकट बीअर बरी होते, दुसऱ्यात गडद, कारण भाजलेल्या धान्याचा आंबटपणा पाण्यातला कार्बोनेट खातो. नवशिक्याने एवढ्यावर थांबावे. एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते, पावसाळ्यात मात्रा वाढते, आणि माल्टमधल्या फिनॉलांशी त्याची गाठ पडली की बीअरला दवाखान्याचा वास लागतो. पाणी उकळून किंवा रात्रभर उघडे ठेवून घेतले की बहुतेक काम होते.

गुळावर जरा थांबायला हवे, कारण कोल्हापूरकर कुठेही गेला तरी हा मोह त्याला होणारच. शाहूपुरीची गुळाची पेठ 1895 पासूनची, कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मग बीअरमध्ये गूळ का नको? जरूर असावा, पण मापात. गुळातली साखर जवळजवळ सगळीच आंबते. त्यामुळे तो घातला की अल्कोहोल वाढते, पण अंग वाढत नाही. बीअर पातळ आणि कोरडी होते. गोडव्यासाठी म्हणून गूळ घालणारा हमखास फसतो, कारण गोडी यीस्ट खाऊन जाते आणि मागे उरतो तो खनिजांचा खारट-कडसर अंश. सेझाँला मात्र हा कोरडेपणाच हवा असतो. बेल्जियन लोक तिथे कँडी साखर घालतात, इंग्रज ब्रुअर 1847 पासून कायदेशीरपणे साखर वापरत आले आहेत. आंबणाऱ्या साखरेच्या दहा टक्क्यांपर्यंत गूळ त्याच परंपरेत बसतो. निवडताना पिवळाधमक, आरशासारखा रवा घेऊ नये. तो रंग आणण्यासाठी अनेक गुऱ्हाळांत हायड्रोस मारतात, आणि त्यातला गंधकाचा अंश यीस्टच्या मुळावर येतो. गडद तपकिरी, भेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ दिसायला गावंढळ, पण कामाचा. काकवी मिळाली तर त्याहून बरी. उकळत्या काढ्यात शेवटच्या दहा मिनिटांत सोडली की ती तळाशी करपत नाही.

मोहाचा दुसरा, आणि माझ्या मते जास्त मोलाचा पदार्थ नाचणी आहे. चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांत ती पिकते आणि तिथल्या बायकांना माल्टिंग कोणी शिकवायला नको. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना धान्य रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, सावलीत किंवा उन्हात वाळवतात, चोळून मोड झाडतात आणि दळतात. सातूचा माल्ट याहून वेगळ्या रीतीने होत नाही. भट्टीत भाजायची पायरी तेवढी वाढते. मोड आलेल्या नाचणीत स्टार्च तोडणारे अमायलेज चांगले असते, म्हणून तर तिची पेज पातळ आणि पचायला हलकी होते. आंबवणही परके नाही. नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून शिजवायचे, ताक-लसूण-जिरे घालायचे, ही आंबील कोल्हापुरात रेणुकेच्या यात्रेचा नैवेद्य आहे. तिथे काम यीस्टचे नसून दुधाच्या आम्लाच्या जिवाणूंचे असते, त्यामुळे तिच्यात नशा नाही आणि कायद्याचीही अडचण नाही. जिल्ह्यात राहणाऱ्या हौशी माणसाने हाताला सवय लावायची ती इथे: कुठल्या उबेला किती तासांत आंबट चढते, भांडे अस्वच्छ असेल तर वास कसा फिरतो, पावसाळ्यात आणि एप्रिलमध्ये फरक किती पडतो. थर्मामीटर घेऊन केलेल्या चार आंबिली बीअरच्या पुस्तकाइतके शिकवतात.

नाचणीची बीअर ही कल्पना हौशी डोक्यातली नाही. सिक्कीम-नेपाळकडे कोदोची, म्हणजे नाचणीचीच, तोंग्बा कढत पाणी ओतून नळीने पितात. आफ्रिकेत ज्वारी-बाजरीच्या दाट, आंबूस बीअर पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. नायजेरियाने 1988 मध्ये सातू-माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडे वळावे लागले. तरीही नवशिक्याने सगळीच नाचणी घेऊन सुरुवात करू नये, याला तांत्रिक कारण आहे. सातूचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांना फुगून मऊ होतो, आणि त्याच सुमाराला त्याचे अमायलेज कामात असते; दोघांची वेळ जुळते. नाचणी-ज्वारीचा स्टार्च मऊ व्हायला आणखी ऊब मागतो, आणि तितक्या उबेत अमायलेजच मरते. आफ्रिकी बायकांनी यावर शोधलेली तोड सुंदर आहे: माल्ट कोमट पाण्यात भिजवून वरचे अमायलेजचे पाणी बाजूला काढायचे, खालचा चोथा उकळून शिजवायचा, निवल्यावर ते पाणी परत ओतायचे. शिवाय सातूला टरफल असते, त्याचीच गाळणी होते. नाचणीला ते नाही, मलमलच्या फडक्याशिवाय गाळता येत नाही. ज्वारीला मोड आणणार असाल तर आणखी एक खबरदारी: कोवळ्या ज्वारीने जनावरांना जी किराळ लागते तिचेच सायनाइडचे द्रव्य मोडांत असते, त्यामुळे वाळल्यावर मोड-मुळ्या पूर्ण चोळून काढाव्या लागतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पंधरा-वीस टक्के नाचणी-माल्ट, बाकी सातू, एवढेच प्रमाण शहाणपणाचे. सातूचे अमायलेज नाचणीलाही ओढून नेते, फक्त नाचणी आधी वेगळी उकडून घ्यायची.

एक शंका सभ्य घरांत नेहमी निघते, ती विषबाधेची. मुंबईत 2004 मध्ये विक्रोळीला आणि 2015 मध्ये मालवणीला विषारी दारूने माणसे मेली. मालवणीत शंभराहून अधिक. ते मृत्यू मिथेनॉलचे होते, आणि हातभट्टीच्या नावाखाली औद्योगिक मिथेनॉल विकल्याचे. धान्याच्या बीअरमध्ये जीव घेण्याइतके मिथेनॉल तयार होत नाही, आणि तिचे ऊर्ध्वपातन होत नसल्याने ते साचतही नाही. बिघडलेली बीअर आंबट लागेल, घाण वास येईल. ती ओतून द्यावी. भीती फुटणाऱ्या बाटलीची बाळगावी.

तेव्हा ह्यूस्टनमधला कोल्हापूरकर मे महिन्यात विचारील की आता कोणती, तर त्याने आधी गॅरेजमध्ये तीन दिवस सकाळ-दुपार तापमान टिपावे. एसी लावलेल्या आतल्या खोलीत 22-23 सलग मिळत असतील तर गव्हाची, आणि जमल्यास काढा अर्धा-अर्धा वाटून. गॅरेजच वापरायचे आणि तिथे 32 असेल तर क्वाइकची पेल एल, दहा टक्के काकवीसकट. न्यू जर्सीतल्या त्याच्या भावाला जानेवारीत तळघर 16 चे मिळते. त्याने पोर्टर करावी, त्यात पंधरा टक्के नाचणी, आणि पिल्सनरचा हट्ट निदान एक हिवाळा पुढे ढकलावा.